सकाळचे हात

आक्काच्या हातांना काहीतरी झालंय हे मला चहाच्या कपावरून कळलं. कपाचा कान तिनं धरलाच नव्हता. दोन्ही तळव्यांच्या मध्ये कप दाबून, लहान पोर पेला धरतं तसा ती तोंडाला लावत होती.

"थंडी वाजतीय का?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

होळी होऊन आठवडा झाला होता. पत्र्याखाली बसून माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. पण मी पुढं काही विचारलं नाही, कारण तेवढ्यात माझा गुडघा आखडला आणि मी उठून अंगणात फेऱ्या मारायला लागलो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका गावात तिला देऊन आता तीस वर्षं होतील. मी शिरूरला राहतो. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला की पुढं उसातून तिच्या गोठ्यापर्यंत मोटारसायकलनं सव्वा तास लागतो. गोठ्यात तीन गाई. शेत दाजींचं आणि गोठा आक्काचा, अशी त्यांच्या घरातली न लिहिलेली वाटणी आहे. दोन्ही वेळची धार तिच्याच हातची. धारा काढायचं मशीन दर दिवाळीला घ्यायचं ठरतं आणि दर पाडव्याला पुढं ढकललं जातं, कारण मधल्या गाईला मशीनचा आवाज चालत नाही, असं आक्का म्हणते. मशीन घरात कधी आलेलंच नसताना गाईनं हे कधी सांगितलं, ते मी विचारत नाही.

मी सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं हे काम. वीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर उभं राहून माझा उजवा गुडघा बोलायला लागला. बसलो की आखडतो, उभा राहिलो की ठणकतो, म्हणून मी फिरत असतो. घरचे म्हणतात, गुडघ्याच्या आधीपासूनच फिरत असतो.

गुडघ्याच्या निमित्तानं मी बरंच वाचून काढलं. हाडांच्या टोकांना कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, ते वयानं आणि वजनानं झिजतं, मग हाडाच्या कडांना काटे धरतात. हे मला लगेच पटलं, कारण बेअरिंगचं असंच होतं. आपल्या धंद्याशी जुळणारी गोष्ट माणसाला जरा जास्तच खरी वाटते. पुढच्या खेपेला आक्काच्या बोटांची मुळं सुजलेली दिसली, तेव्हा मी तीच बेअरिंगची गोष्ट उचलून तिच्या हातांना लावली.

"आक्का, झीज झालीय ही. तीस वर्षं धारा काढतीस. हातांना आराम दे."

"देते की," ती म्हणाली. "तेवढं गाईला तू सांगून जा."

दाजी कडबा तोडत होते, ते तिकडूनच हसले. विषय संपला. खरं तर सुरू व्हायला हवा होता. माझा एकच गुडघा दुखतो. तिचे दोन्ही हात सारखेच सुजले होते, एकमेकांना विचारून सुजल्यासारखे. ती वाळली होती, आणि संध्याकाळी अंगात कणकण असते असं दाजी म्हणाले होते. बेअरिंगला कणकण येत नाही. पण माझं निदान झालेलं होतं, आणि झालेलं निदान मोडायला मला जिवावर येतं.

गावातल्या डॉक्टरांकडे ती दोनदा जाऊन आली होती. बाजारच्या दिवशी, धारा, शेण, वैरण, डेअरी, स्वयंपाक असं सगळं उरकून, दुपारी बाराच्या जीपनं. त्यांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड बरोबर आलं, त्यावरून वात नाही असं ठरलं. एक्स-रे काढला, तोही चांगला आला. मूठ मिटायला सांगितली, तिनं मिटली. उघडायला सांगितली, उघडली. कामाचा ताण आहे म्हणाले आणि दुखणं दबायची गोळी दिली. गोळी पोटाला लागली, म्हणून तिनं ती दाजींच्या पाठदुखीला देऊन टाकली. आमच्याकडे औषध वाया जात नाही.

मग वर्षभरानं दौंडचं शिबिर आलं. सांधेदुखीवर भव्य मोफत निदान आणि मार्गदर्शन, असे फलक चौफुल्यापासून लागले होते. फलकावर अकरा चेहरे होते. त्यांतला एकही डॉक्टरचा नव्हता.

वेळ सकाळी नऊची होती. आक्कानं अंधारातच धारा उरकल्या, मी तिला मोटारसायकलवर घालून पावणेनऊला मांडवात पोचवलं. गुडघे धरलेली शंभरेक माणसं सतरंजीवर बसलेली होती. स्टेजवर मखमली सोफे होते, पण ते पाहुण्यांचे. ज्याला खाली बसता येत नाही अशा रोग्याला सतरंजी आणि ज्याला काही झालेलं नाही त्याला सोफा, ही व्यवस्था कुणालाच खटकत नव्हती. मी मांडवाच्या मागं फेऱ्या मारत राहिलो. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता दोनदा येऊन म्हणाला, "काका, बसून घ्या." मी म्हणालो, "बसता येत असतं तर शिबिराला कशाला आलो असतो?" तो बिल्ला सारखा करत निघून गेला.

प्रमुख पाहुणे बारा वाजता आले. त्यांच्या स्वागतासाठी सर्वांनी उभं राहावं अशी विनंती झाली. ती पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. उठलेली माणसं पुन्हा खाली टेकेपर्यंत पाहुण्यांचा सत्कार, ज्यांनी मांडव दिला त्यांचा सत्कार आणि ज्यांनी सत्काराच्या शाली दिल्या त्यांचा सत्कार उरकला. पाहुणे म्हणाले की त्यांनाही गुडघेदुखी होती, त्यामुळे जनतेचं दुःख ते जाणतात. त्यांनी स्वतःचे गुडघे पुण्यात बदलून घेतले होते. टाळ्या पडल्या.

तपासणीची टेबलं दीडला उघडली. दोन तरुण डॉक्टर होते, भुकेले आणि प्रामाणिक. त्यांना दोष देता येणार नाही. माणशी त्यांच्या वाट्याला दीड मिनिट आलं होतं. "मावशी, मूठ करा." आक्कानं केली. "उघडा." उघडली. "वयानुसार झीज आहे." मी म्हणालो, "मी हेच सांगत होतो." आक्कानं माझ्याकडे बघितलं. तिला कॅल्शियमच्या गोळ्या आणि गुडघ्याचा पट्टा मिळाला. दुखणं हातांचं होतं, पण पट्टे गुडघ्याचेच आले होते. तो पट्टा सध्या दाजींच्या विहिरीवरच्या पाइपला, जॉइंट गळतो तिथं बांधलेला आहे. तिथं गुण आला.

परतीच्या वाटेवर आक्का मागून म्हणाली, "दुपारचं बरं असतंय रे. सकाळी ये की कवातरी."

मी ऐकलं. वारा होता, पण मी ऐकलं. माझ्या डोक्यात तेव्हा शिबिराबद्दलची वाक्यं जुळत होती, सोफ्याची आणि शालींची, आणि ती बरी जमत होती. मी "येतो" म्हणालो.

सकाळी मी कधीच गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी झोप, मग चहा, मग पेपर, मग निघायचं. तिच्या दारात पोचेपर्यंत बारा वाजलेले असायचे.

दोनेक महिन्यांनी गेलो तर आक्का चक्क शेवग्याच्या शेंगा मोडत होती. कटाकट. चहा आला तेव्हा तिनं कपाचा कान धरला होता. तोंड भरलेलं दिसत होतं, गाल वर आले होते. शेजारणी म्हणे विचारत होत्या, काय खातीस. ती पुडी खात होती. आठवडी बाजारात एक माणूस गाडीवर मुळ्या मांडून बसतो, त्याच्याकडची. कागदाच्या घडीत पांढरट भुकटी, ओव्याच्या वासाची. कागदावर अक्षर नव्हतं.

"यावर नाव नाही, गाव नाही," मी म्हणालो. "काय घातलंय काय माहीत. बहुतेक स्टेरॉइड कुटून घालत्यात. आज बरं वाटतं, उद्या हाडं ठिसूळ होत्यात, साखर वाढती."

"तुझ्या पुस्तकानं माझी मूठ उघडली का?"

"तसं नाही…"

"ह्यानं उघडली. तिसऱ्या दिशी. इस वर्साची हुते तवा काढायची तशी धार काढली मी."

मनातून मला तर वाटत होतं की पुडी खरी निघावी आणि मी खोटा ठरावा. असं मला फार वेळा वाटत नाही.

वाद नको म्हणून मी उठलो. दाराच्या चौकटीला एक तार होती, तिच्यात डेअरीच्या पावत्या ओवलेल्या. छापील काही दिसलं की वाचायची मला खोड आहे. पावतीवर तारीख, लिटर, फॅट आणि दूध घातल्याची वेळ असते. तळाच्या पावत्या कोऱ्या पडल्या होत्या, त्यांची शाई उडाली होती. जिथून अक्षर लागत होतं तिथं वेळ होती सव्वासहा. वर सरकत गेलो तसं पावणेसात, मग सात पाच, मग सात अठ्ठावीस. टँकर साडेसातला हलतो. त्यानंतर दूध घेत नाहीत. म्हणजे कितीतरी दिवस ती दोन मिनिटांनी वाचत होती. मग एकदम सहा दहा, सहा बारा. ही पुडी. आणि सगळ्यांत वरच्या, याच आठवड्यातल्या पावत्या: सहा चाळीस, सहा पन्नास.

मी तार हातात घेऊन आत आलो. "आक्का, पुडी एकच घेतीस ना?"

ती शेंगा मोडत राहिली. दाजी म्हणाले, "तीन."

पायरीवर शेजारचे आप्पा बसले होते, ताकासाठी आलेले. सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या वडलांपर्यंत मेंढरं घेऊन गावोगाव फिरणं होतं. आता कांदा आणि ऊस आहे, आणि सवय सुटत नाही म्हणून पाच मेंढरं. आप्पांनी ताक संपवलं, मिशी पुसली आणि विचारलं, "डागदरनं हिला कवा बघितलं?"

"बाजारच्या दिवशी," आक्का म्हणाली.

"वार न्हाई इचारत. येळ."

"दुपारी."

"आन् त्या दौंडच्या मांडवात?"

"तवा पण दुपारच झाली."

"मग काय बघितलं त्यांनी?" आप्पा म्हणाले. "मेंढरू लंगडतंय का न्हाई, ते वाघरातनं उठताना बघायचं असतं. एकदा चराया लागलं, अंग तापलं, की सगळी सारखीच पळत्यात. माझा बाप दिस उगवायच्या आत वाघरापाशी हुभा असायचा. दुपारी बघून मेंढरू घेनारा येडा."

वाघर म्हणजे मेंढरं रात्री ज्यात कोंडतात ती जाळी. आप्पांनी ते माझ्याकडे न बघता सांगितलं, तरी मला लागायचं तिथं लागलं. कारखान्यात शिफ्ट सुरू झाली की मशीनवर निघालेला पहिला नग तपासायचा असतो. मशीन थंड असताना जी खोट दिसते ती तापल्यावर लपते. वीस वर्षं मी हे रोज सकाळी करतोय, खाली सही करतोय, नव्या पोरांना त्यावर भाषण देतोय. आणि बहिणीचे हात बघायला बारा वाजता येतोय.

शिरूरला महिन्यातून दोनदा, सकाळी नऊला, फक्त सांध्यांचेच आजार बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई पुण्याहून येतात. मी नंबर लावला. अडचण गाईंची होती. आदल्या संध्याकाळी आक्काला शिरूरला यायला हवं, म्हणजे सकाळची धार चुकणार.

"मी काढीन," दाजी म्हणाले.

"तुमी? मधली लाथ मारंल."

"तीस वर्सं तुझं ऐकून घेतलं. तिची एक लाथ काय जड हाय का?"

आक्का हसली नाही. पण पिशवी भरायला लागली.

आमच्याकडे ती सवयीनं साडेचारला उठली. पुडी तेवढी डॉक्टरांना दाखवून मग घे, असं मी सांगून ठेवलं होतं. ती कॉटच्या कडेवर बसली, हात मांडीवर, अर्धवट मिटलेले. गोठा नव्हता, शेण नव्हतं. रोज ती कासेला लावायच्या कोमट पाण्यात आधी स्वतःचे हात बुडवून ठेवायची, हे मला त्या सकाळी कळलं. ते पाणीही इथं नव्हतं, मी गरम करतो म्हणालो तर म्हणाली, "नगं. आप्पा म्हणलं, जसं उठलं तसं दाव." मग ती न्हाणीघरात गेली.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कडी निघंना."

तिच्या घरी न्हाणीला कडी नाही, सुतळी आहे. इथं तिनं सवय नसताना मनगटानं रेटून कडी लावली होती. आता बोटं त्या कडीच्या टोकाला पकडू शकत नव्हती.

"दार तोडू का?"

"थांब. सुटत्यात हात."

मी दाराबाहेर फेऱ्या मारायला लागलो. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. आतून कडीवर मनगट घासल्याचा आवाज येत होता, मग थांबत होता. मला पावत्या आठवत होत्या. सात पाच, सात वीस, सात अठ्ठावीस. त्या प्रत्येक आकड्यामागं ही अशी एक सकाळ होती, आणि बाहेर भरल्या कासेच्या तीन गाई, आणि निघायच्या बेतातला टँकर.

"आक्का?"

"हाय इथंच. कुठं जाऊ? तुझं गुडघं जरा गप ठेव, त्यांचाच आवाज येतोय."

मी उभा राहिलो. शेवटी तिनं कोपरानं कडी उडवली. बाहेर आली तेव्हा मनगट सोललं होतं. तिनं पदर त्यावरून घेतला आणि म्हणाली, "चहा कर. बशीत दे."

दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि मुठी अजून पुऱ्या सुटल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाई वयानं आमच्याहून बऱ्याच लहान. त्यांनी आक्काचा हात हातात घेतला, बोटांच्या मुळांची रांग दोन्हीकडून हलकेच दाबली. आक्कानं हात मागं ओढला. "मूठ करा." मूठ अर्ध्यावर थांबली.

"सकाळी असं किती वेळ राहतं?"

"थोडा येळ," आक्का म्हणाली. दीड वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती. काम चालू असताना गेलेला वेळ ती वेळात धरत नाही.

मी पावत्यांची तार टेबलावर ठेवली. बाईंनी एक वाचली, चार वाचल्या, मग पहिल्यापासून वाचायला लागल्या. मी समजावलं की साडेपाचला धारेला बसलं तर तीन गाईंना किती वेळ लागायला हवा आणि किती लागलाय. त्या म्हणाल्या, "दीड तास हात धरलेले असतात यांचे. आणखी काय आणलंय?" मी पुडी काढली. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. नुसती बाजूला ठेवली, ओळखीच्या माणसाकडे बघून मान हलवावी तशी.

ही झीज नव्हती. शरीराची राखण करणारी जी यंत्रणा असते ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, आणि बरेच दिवस सुजलेलं राहिलं की शेजारचं हाड खातं. आमवात म्हणतात त्याला. हालचालीनं सैल होतो आणि विश्रांतीनं धरतो. म्हणजे मी सांगितलेला आराम तिनं केला असता तर सकाळ आणखी लांबली असती. गाईंनी तिला माझ्या सल्ल्यापासून वाचवलं होतं.

"कशानं झालं?" आक्कानं विचारलं. "धारंनं?"

"नाही."

"गार पान्यानं?"

"नाही. गारठ्यात दुखणं जाणवतं, पण आजार त्यानं होत नाही."

"दह्यानं?"

"नाही. असं एक कारण बोट ठेवून सांगता येत नाही. घराण्यात असू शकतं, बायकांना जास्त होतं."

दीड वर्षं आक्कानं दही सोडलं होतं. तीन गाईंच्या घरात.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, हातांचे फोटो झाले आणि औषध लिहून मिळालं. मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच, तिच्या जोडीची जीवनसत्त्वाची दुसऱ्या वारी, आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, कारण गोळी यकृतावर नजर ठेवून द्यावी लागते. पुडी एकदम सोडायची नव्हती. तिच्या जागी मोजकी गोळी, तीही हळूहळू उतरवत न्यायची. गुण यायला दोन-तीन महिने.

"बोटं सरळ व्हत्याल?"

"सूज उतरेल. वाकलेलं हाड सरळ होत नाही." बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "आत्ता आलात ते बरं. वर्षापूर्वी आला असतात तर अजून बरं झालं असतं."

आक्कानं माझ्याकडे बघितलं नाही. मी भिंतीवरच्या सांगाड्याचं चित्र बघत होतो. त्यात हाताची हाडं फार बारीक काढली होती.

"आणि तुम्ही मघापासून उभे का?" बाईंनी मला विचारलं. गुडघा सांगितला. माझी मात्र झीजच निघाली. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करा, वजन उतरवा, आराम जास्त करू नका, असं त्या म्हणाल्या. आक्काला बाहेर आल्यावर तेवढंच लक्षात होतं. दाजींना फोनवर तिनं पहिली बातमी दिली ती माझी.

गोळीचा वार बाजाराचा धरला, म्हणजे विसरायला नको. दाजींनी विचारलं, "रोज घेतली तर लवकर गुण न्हाई का यायचा?" मी त्यांना तिथंच उभं करून सांगितलं की रोज घेतली तर जिवावर बेतेल, आणि पाकिटावर जाड पेनानं वार लिहिला. दाजी म्हणाले, "इचारलं नुसतं."

मग थांबणं आलं, आणि तेच मला जमत नाही. मी आक्काला रोजच्या पावतीचा फोटो पाठवायला सांगितलं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये निम्म्या वाटेवर तो यायचा. सात पंधरा. सात बावीस. पुडीच्या जागची गोळी उतरत होती, त्यामुळे आधी वाईटच झालं. एक दिवस फोटो आला नाही. मी बसमध्येच उठून उभा राहिलो आणि ड्रायव्हरची बोलणी खाल्ली. फोन केला तर आक्का म्हणाली, चार्जिंग न्हाई. सहाव्या आठवड्यात सात पाच आलं. सातव्यात एकदम सहा दहा. दुसऱ्या दिवशी सहा आठ. मी डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले. कशाचे ते कुणी विचारलं नाही, त्यामुळे भाषण टळलं.

त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी मुक्कामाला गेलो. जेवताना दाजींच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं दिसलं.

"काय झालं?"

"अंगठा धरलाय," दाजी म्हणाले. "दोन गाईंच्या धारा म्हंजी काय गंमत हाय का?"

मी आक्काकडे बघितलं. "म्हणजे सहा दहा…"

"तू येळ मागितलीस, मी येळ धाडली," ती भाकरी थापत म्हणाली. "धार कुनी काढली ते कुठं इचारलंस?"

चिडायला जागा नव्हती. मी पुन्हा एकदा भलतीच गोष्ट मोजली होती, आणि या वेळी पेढेही वाटले होते. मी विचारलं, "मग हात कसे आहेत?"

"सकाळी बघ," ती म्हणाली.

सकाळी मी तिच्या आधी उठलो आणि ओट्यावर उभा राहिलो, वाघरापाशी उभा राहावं तसा. दिवस उगवायचा होता. आक्का अंथरुणावर उठून बसली. हात मिटलेलेच होते. मी घड्याळ बघितलं.

"ते ठिव," ती म्हणाली. "चूल पेटव."

मी चूल पेटवली. तिनं कोमट पाण्याचं भगुलं मागायची मी वाट बघत होतो. तिनं मागितलं नाही. दोन्ही मुठी मांडीवर ठेवून ती चुलीकडे बघत बसली, आणि चहाला उकळी फुटायच्या सुमाराला बोटं एकेक करून सुटायला लागली. हळू. मी घड्याळ न बघता उभा राहिलो, हे मला अवघड गेलं. तिनं कप घेतला. कपाच्या कानात उजव्या हाताचं मधलं बोट घालायला गेली, ते टोकाशी वाकडंच राहिलं होतं, आत जाईना. मग शेजारचं घातलं आणि चहा प्यायली. ते बोट आता तसंच राहणार होतं.

गोठ्यात दोन गाई दाजींनी घेतल्या, बांधलेल्या अंगठ्यानं, कण्हत. मधली आक्कानं घेतली. ती खाली बसली, कासेला हात लावला आणि बादलीत पहिली धार वाजली. मग दुसरी. मध्ये थांबत होती, बोटं झटकत होती, पुन्हा लागत होती. मी दावणीला टेकून उभा होतो. त्या बोटाबद्दल काही बोलावं असं मला वाटत होतं, वर्षापूर्वी यायला हवं होतं असं काहीतरी, पण शब्द येईपर्यंत तिनं मान न वळवता म्हटलं, "बस की कुठंतरी. गाय बुजती."

मी वैरणीच्या पेंढीवर बसलो. गुडघा आखडला. शेजारून दाजी मधल्या गाईला मशीनबद्दल काहीतरी समजावून सांगत होते, आणि ती कान हलवत ऐकत होती.